पडद्याची झीज आणि तिचा हिशेब

जुना स्मार्टफोन विकत घेणारा माणूस आज पहिली चौकशी करतो ती बॅटरीची. आयफोनमध्ये २०१८ सालापासून बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते, आणि इतर काही फोनमध्येही ती सोय हळूहळू येते आहे. पडद्याच्या बाबतीत मात्र काच फुटलेली नाही आणि बोट फिरवल्यावर तो चालतोय, एवढंच बघता येतं. वास्तविक ओएलईडी पडदासुद्धा वापराने झिजतो, बदलायला तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि त्याच्या झिजेची मोजदाद अनेक उपकरणं आतल्या आत ठेवतच असतात. तिच्या आधारे चित्र सतत दुरुस्त होत राहतं आणि झीज आपल्या नजरेला पडत नाही. अभियांत्रिकी म्हणून ही तजवीज थक्क करणारी आहे. पण तिने गेलेला उजेड परत येत नाही. कारखान्यातून निघताना बाजूला राखून ठेवलेला उजेड तेवढा खर्च होत जातो. हा राखीव साठा ज्याने पैसे मोजून घेतला, त्याला तो किती उरला हे कळलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायचं तर हा पडदा मुळात झिजतो कसा, इथून सुरुवात करावी लागेल.

एलसीडी पडद्यात मागच्या बाजूला सामाईक दिवे पेटलेले असतात आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो उजेड कुठे अडवतो, कुठे सोडतो. ओएलईडीत मागे दिवा नसतोच. तिथला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतः उजळतो आणि काळा रंग हवा असेल तेव्हा पूर्ण विझतो. ही वाट खुली झाली १९८७ साली. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन अतिशय पातळ थर एकावर एक रचले आणि दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर त्यांतून चांगला उजेड काढून दाखवला. तत्त्व आजही तेच आहे. एका बाजूने ऋण आणि दुसऱ्या बाजूने धन विद्युतभार आत सोडले की ते मधल्या थरात एकमेकांना भेटतात, तिथला रेणू उत्तेजित होतो आणि शांत होताना प्रकाश देतो. बहुतेक वेळा एवढंच घडतं. पण अब्जावधी वेळा हे घडताना कधीतरी एक उत्तेजित रेणू शांत होण्याआधीच दुसऱ्या उत्तेजित किंवा भारित रेणूला गाठतो, दोघांची ऊर्जा एकाकडे जमा होते आणि त्याचा एखादा रासायनिक बंध तुटतो. तुटलेला रेणू प्रकाश देत नाही. वर तो शेजारच्या धडधाकट रेणूंची ऊर्जाही गिळतो. त्यामुळे थोड्याशा रेणूंची हानी त्यांच्या संख्येच्या मानाने बरीच जास्त अंधार पाडते.

यात सर्वांत जास्त हाल निळ्या रंगाचे होतात. लाल प्रकाशाच्या एका कणात सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, तर निळ्याच्या कणात पावणेतीनच्या आसपास. अशा दोन ऊर्जा एकत्र आल्या तर सेंद्रिय रेणूंतले कमकुवत बंध तोडायला त्या पुरून उरतात. शिवाय १९९८ साली प्रिन्स्टन आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या संशोधकांनी स्फुरदीप्त (फॉस्फोरेसंट) रेणू वापरून कार्यक्षमतेत मोठी उडी घेतली, तेव्हा तिचा लाभ व्यवहारात लाल आणि हिरव्या रंगांना मिळाला. पुरेसा टिकाऊ असा स्फुरदीप्त निळा रेणू काही हाती लागेना. निळ्याला जुन्याच, कमी कार्यक्षम पद्धतीवर राहावं लागलं. साहजिकच तेवढाच उजेड देण्यासाठी त्याच्यातून जास्त करंट सोडावा लागतो आणि जास्त करंट म्हणजे जास्त झीज. सोनीने २००७ साली एक्सईएल-१ हा अकरा इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आणला, त्याची चाचणी डिस्प्लेसर्च या बाजार-अभ्यास संस्थेने घेतली होती. हजार तासांत निळ्याची दीप्ती १२ टक्के, हिरव्याची ८ टक्के आणि लालची ७ टक्के उतरल्याचं तिने नोंदवलं. तेव्हापासून पदार्थ खूप सुधारले, पण कोण आधी थकतो हा क्रम बदललेला नाही. जुन्या ओएलईडी पडद्यावरचा पांढरा रंग पिवळट दिसू लागतो, तो याचमुळे. मुळात आपल्याला पांढरा म्हणून जे दिसतं ते तीन रंगांचं मिश्रण असतं, आणि त्यातला एक मागे पडलेला असतो.

आणखी एक नियम इथेच सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होतं असा अंदाज कुणीही बांधेल. ओएलईडीत प्रत्यक्ष फटका त्याहून मोठा असतो. दीप्ती वाढवली की आयुष्य तिच्या साधारण दीड ते दोन या घाताच्या प्रमाणात घटतं. म्हणजे दुप्पट उजेडाला आयुष्याचा तिसरा किंवा चौथा हिस्साच उरतो.

सगळा पडदा एकसारखा मंदावला असता तर कदाचित कुणाची तक्रारच आली नसती. वर्षभरात दहा-पंधरा टक्के उजेड सर्वत्र सारखा कमी झाला तर डोळा त्याला सरावतो. पण शेजारी-शेजारी असलेल्या दोन भागांत एक-दोन टक्क्यांचा फरक असला आणि त्यांच्यामधली कड रेखीव असली की तो लगेच पकडला जातो. अनेक वर्षांनी भिंतीवरची तसबीर काढल्यावर चौकोन उठून दिसतो, कारण बाकीची भिंत विटलेली असते. पडद्यावर जे बर्न-इन म्हणून ओळखलं जातं त्यातही असमान झीज हाच दोष असतो, फक्त इथे विटतो तो चौकोनातला भाग. कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचणी-संस्थेने २०१८ पासून एलजीच्या २०१७ सालच्या मॉडेलचे सहा टीव्ही रोज वीस-वीस तास चालवून हे तपासलं. सीएनएन वाहिनी लावून ठेवलेल्या, पूर्ण उजेडावरच्या संचावर वाहिनीची पट्टी आणि बोधचिन्ह यांच्या खुणा स्पष्ट उमटल्या. तीच वाहिनी कमी उजेडावर लावलेल्या संचाचं नुकसान त्या मानाने कमी झालं. आणि ज्या संचावर चित्र सतत बदलणारा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा खेळ चालू होता त्यावर हजारो तासांनंतरही तशी ठळक खूण दिसली नाही. आपल्या मराठी वृत्तवाहिन्या आठवा: कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली एकावर एक दोन-तीन पट्ट्या, त्यांत लाल-पिवळे भडक रंग, आणि दिवसभर सगळं एकाच जागी. ओएलईडी पडद्याला याहून कठीण चित्र देणं अवघड आहे.

आता ही असमान झीज लपवायची कशी? त्यासाठी ती आधी मोजावी लागते आणि मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर असतो, तो ठिपक्याला किती करंट द्यायचा हे ठरवतो. हा ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला उघडतो ते व्होल्टेजच कालांतराने सरकतं, म्हणून पहिली दुरुस्ती ट्रान्झिस्टरची. फोनच्या पडद्यात ती ठिपक्याच्या आतच होते. एकेका सबपिक्सेलमागे, म्हणजे ठिपक्यातल्या एकेका रंगाच्या भागामागे, सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी रचना त्यासाठी सर्रास वापरली जाते. पण एवढ्याने सेंद्रिय पदार्थाची झीज भरून निघत नाही. करंट अचूक पोचला तरी त्याचा उजेड कमी पडतो. यावर फोनमध्ये बहुधा हिशेबाची वाट धरली जाते. प्रत्येक भागाने किती वेळ, किती उजेडाने आणि किती तापमानात काम केलं याची बेरीज करत राहायची आणि प्रयोगशाळेत आधी काढून ठेवलेल्या आलेखावरून तो किती थकला असेल हे ठरवायचं. मोठ्या टीव्हीत प्रत्यक्ष मोजता येतं. थकलेल्या ठिपक्यातून तेवढाच करंट न्यायचा तर व्होल्टेज जास्त लागतं, आणि या वाढलेल्या व्होल्टेजवरून घटलेल्या उजेडाचा चांगला अंदाज बांधता येतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अरोकिया नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भरपाईवर पायाभूत काम केलं, त्यातूनच पुढे इग्निस इनोव्हेशन ही कंपनी उभी राहिली. काम किती बारीक आहे ते आकड्यांतून कळतं. फोर-के टीव्हीत ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल असतात. एलजीच्या रचनेप्रमाणे प्रत्येकात लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार सबपिक्सेल धरले, तर ३ कोटी ३० लाखांहून जास्त सबपिक्सेलचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा.

ही मोजणी चित्र चालू असताना नीट होत नाही, म्हणून एलजीचे टीव्ही एकूण चारेक तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, काही मिनिटं ती आपसूक उरकतात. साधारण दोन हजार तासांनंतर तासाभराची मोठी फेरीही होते. यासाठी टीव्ही बंद असला तरी त्याला वीज लागते. आपल्याकडे बहुसंख्य घरांत रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे, आणि वीजबचतीच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. ओएलईडी टीव्हीला मात्र ती मारक ठरते, कारण मोजणी दर वेळी राहून जाते आणि झीज भरपाईविना साठत जाते. विकणाऱ्याने हे एक वाक्य आवर्जून सांगायला हवं, कारण माहितीपुस्तकाच्या मधल्या कुठल्याशा पानावर ते शोधायला कुणी जात नाही.

मोजणी झाली, ठिपका किती थकला ते कळलं. आता भरपाईचा उजेड आणायचा कुठून? एखादा ठिपका मूळ उजेडाच्या ८० टक्क्यांवर आला आहे असं धरू. त्याला पुन्हा शंभरावर न्यायचं तर सव्वापट करंट द्यावा लागेल. मघाच्या घाताच्या नियमाने सव्वापट करंटखाली त्याची झीज सुमारे दीडपट वेगाने होणार. म्हणजे जो आधीच थकलेला आहे त्यालाच जास्त राबवायचं, तो आणखी लवकर थकणार, मग आणखी करंट. हे अनंत काळ चालू शकत नाही, आणि निर्मात्यांना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून पडदा नवा असताना त्याच्या पूर्ण ताकदीने चालवला जात नाही. भरपाईसाठी काही अंतर मोकळं सोडलेलं असतं. ते अंतर संपलं की एकच उपाय उरतो: थकलेल्याला वर आणता येत नसेल तर धडधाकट ठिपक्यांना खाली आणायचं. चित्र पुन्हा एकसारखं दिसतं, पण संपूर्ण पडदा मंद झालेला असतो. खूण दिसत नाही म्हणून मालक निश्चिंत राहतो आणि त्याने पैसे मोजून घेतलेला उजेड मात्र गेलेला असतो.

ही केवळ कागदावरची शक्यता नव्हे. गुगलचा पिक्सेल २ एक्सएल फोन २०१७च्या ऑक्टोबरात आला आणि थोड्याच दिवसांत तळाच्या बटणपट्टीची खूण पडद्यावर उमटल्याच्या तक्रारी आल्या. गुगलने वॉरंटी दोन वर्षांची केली आणि सोबत सॉफ्टवेअरमध्ये बदल केले: वापरात नसताना बटणं फिकी करणं आणि पडद्याचा कमाल उजेड सुमारे ५० निट्सने (निट हे दीप्तीचं एकक) कमी करणं. उपाय योग्यच होता आणि गुगलने तो जाहीरही केला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. पण हाच निर्णय एखादं उपकरण आतल्या आत, टप्प्याटप्प्याने, कुणाला न सांगता घेऊ शकतं. स्थिर बोधचिन्हाभोवतीचा उजेड आपोआप उतरवणं, चित्र काही पिक्सेलनी इकडेतिकडे सरकवणं, पडद्यावर पांढरा भाग वाढला की एकूण दीप्ती खाली आणणं हे सगळं आज नेहमीचं झालं आहे. यातल्या एकाही युक्तीला माझा विरोध नाही. त्या नसत्या तर हे पडदे घराघरांत पोचलेच नसते.

ही झीज मालकाला दाखवावी या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की पदार्थ इतक्या वेगाने सुधारताहेत की काही वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही. सुधारणा खऱ्या आहेत. उजेड देणाऱ्या थरांची दुहेरी चळत रचली की प्रत्येक चळतीला साधारण निम्मं काम पडतं; ॲपलने २०२४च्या आयपॅड प्रोमध्ये हीच रचना घेतली. एलजी डिस्प्लेने रेणूंमधल्या साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, बसवून बंध बळकट केले. स्फुरदीप्त निळा प्रकाश उत्पादनयोग्य पातळीवर आणल्याचंही त्याच कंपनीने २०२५ साली जाहीर केलं. पण या प्रत्येक बचतीचं पुढे काय होतं ते पाहिलं पाहिजे. २०१७ सालच्या आयफोन एक्सचा कमाल उजेड ६२५ निट्स होता. २०२३च्या आयफोन १५ला उन्हात २००० निट्सपर्यंत जाता येतं. उन्हात पडदा वाचता येणं ही गरज आहे, विशेषतः आपल्यासारख्या देशात, तेव्हा ही वाढ चुकीची म्हणता येणार नाही. मात्र पदार्थाच्या टिकाऊपणातून मिळालेला फायदा मोठ्या प्रमाणात जाहिरातीतल्या उजेडाच्या आकड्याकडे वळतो हे उघड आहे. चांगल्या पदार्थाचा पडदाही घाताच्या त्याच नियमाखाली चालतो, आणि तीन-चार पट उजेडाला तो नियम फार कडक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बॅटरीची क्षमता एका आकड्यात मावते. पडद्याची झीज जागोजागी वेगळी, रंगागणिक वेगळी. ती एका टक्क्यात कोंबली तर दिशाभूल होईल आणि लोक विनाकारण घाबरतील. अडचण खरी आहे, पण ती आकडा कोणता निवडायचा याची आहे. सरासरी झीज सांगण्याऐवजी सर्वांत थकलेल्या भागाची झीज आणि भरपाईसाठी उरलेलं अंतर, अशा दोन गोष्टी सांगितल्या तरी ग्राहकाचं काम होतं. बॅटरीचा टक्काही अंदाजच असतो, तापमानाने आणि वापराने तो डळमळतो. तरी तो दाखवायला लागल्यापासून लोक घाबरून गेले नाहीत, बॅटरी कधी बदलायची ते त्यांना कळू लागलं. अंदाजात चूक असेल हे मान्य. पण त्याच अंदाजाच्या भरवशावर उपकरण कोट्यवधी ठिपक्यांचा करंट ठरवतं. त्या कामाला जो भरवशाचा, तो मालकाला सांगायला अपुरा कसा ठरेल? झिजेचे आलेख ही कंपन्यांची गुपितं असतात आणि ती जपण्याचा त्यांना हक्क आहे, हेही मला मान्य आहे. आलेख न उघडता त्यातून निघालेलं उत्तर दाखवता येतं.

राहिला तिसरा मुद्दा: बहुतेक लोक दोन-तीन वर्षांत फोन बदलतात, त्यांना फरक जाणवतच नाही, मग ही उठाठेव कशाला. पहिल्या मालकापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण फोन त्याच्याकडून निघाला म्हणजे संपत नाही. भारतात वापरलेल्या फोनची बाजारपेठ प्रचंड आहे, आणि पडद्याच्या उत्तरायुष्याची किंमत दुसरा किंवा तिसरा मालक मोजतो, ज्याला नवा पडदा बसवणं सर्वांत जड जातं. टीव्हीच्या बाबतीतही वापराचे एकूण तास काही संचांच्या मेन्यूत सापडतात, पण आरटिंग्जच्या चाचणीनेच दाखवलं की तेवढेच तास चाललेल्या दोन संचांची अवस्था पूर्ण वेगळी असू शकते. शिवाय दोष आणि झीज यांतली रेषाही मालकाला कळत नाही. अलीकडे आपल्याकडे अनेक फोनच्या पडद्यांवर अचानक उभी हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी आल्या. अशी अख्खी रेघ एका रात्रीत येणं हे झिजेचं लक्षण नव्हे, तो जोडणीतला किंवा चालक-मंडलातला बिघाड असतो. झिजेची नोंद समोर असती तर ‘वापराने झालं’ आणि ‘मुळातच सदोष होतं’ यांतला वाद पुराव्यानिशी सोडवता आला असता.

तोवर वापरणाऱ्याच्या हाती थोडंच आहे, पण ते निरुपयोगी नाही. घरात असताना उजेड गरजेपुरता ठेवणं हा सर्वांत मोठा उपाय. बाकी सगळे त्याच्यामागून. काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड मदत करतो खरा, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के उजेडावर त्याने वाचवलेली वीज फक्त ३ ते ९ टक्के भरली, आणि पूर्ण उजेडावर मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे झळाळत्या पडद्यावरच त्याचा खरा उपयोग आहे. उन्हात तापलेला फोन पूर्ण उजेडावर नकाशा दाखवत गाडीच्या काचेजवळ तासन् तास ठेवणं टाळावं, कारण उष्णता आणि करंट दोन्ही एकदम वाढतात. दिवसभर बातम्याच लावायच्या असतील तर त्या खोलीत एलसीडी टीव्ही जास्त शहाणपणाचा. आणि ओएलईडी टीव्ही असेल तर तो रिमोटने बंद करून भिंतीवरचं बटण चालूच राहू द्यावं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२५च्या मे महिन्यात आला. युरोपीय संघात २०२५च्या जूनपासून फोनच्या लेबलवर बॅटरी किती चार्जिंग-फेऱ्या टिकेल हे छापावं लागतं. आपला निर्देशांक प्रत्यक्ष लागू होताना त्यात पडद्याच्या झिजेचं एक कलम घालावं: ज्या उपकरणात भरपाईची यंत्रणा आहे, त्याने थकलेल्या भागाची झीज आणि उरलेलं राखीव अंतर सेटिंग्जमध्ये मालकाला दाखवलं पाहिजे. त्यासाठी नवा सेन्सर लागत नाही, नवा सुटा भाग लागत नाही. ग्राहक संघटनांनी ही मागणी आताच, निर्देशांकाचे नियम पक्के होण्याआधी, लेखी स्वरूपात विभागाकडे पाठवावी.